प्रतिसाद: गोड न्याहारी मुंबईला नवी नाही

क्रॉसाँ आणि डेनिश या पाश्चात्त्य पदरदार पेस्ट्रींमुळे मुंबईत सकाळी गोड खाण्याची पद्धत नव्याने आली, हे मत मला पटत नाही. माझे आजोबा गिरगावातल्या एका बेकरीत भट्टीवर कामाला होते आणि आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर मावा केक किंवा साखर लावलेली खारी ठरलेलीच असे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या, १९१४ साली सुरू झालेल्या मेरवान या इराणी कॅफेतही मावा केकसाठी लोक सकाळीच गर्दी करत. खवा आणि साखर यांमुळे या केकचा माथा लवकर तांबूस होतो. म्हणून आजोबा पावाच्या लाद्या निघून भट्टीची धग उतरल्यावरच केकचे ट्रे आत सरकवत, आणि कागदी वाटीच्या कडेला चिकटलेला खरपूस पापुद्रा आम्हा भावंडांच्या भांडणाचे कारण ठरे. (वेलदोडा कमी पडला, तर आजी स्पष्ट बोलून दाखवी.)

खारीचे पदर सुटतात तेही क्रॉसाँच्याच तत्त्वावर: मैद्याच्या घड्यांमधले स्निग्धाचे थर अलग राहतात आणि भट्टीत पाण्याची वाफ त्यांना वर उचलते. मात्र लोणी लवकर मऊ पडत असल्याने मे महिन्यात वातानुकूलित खोलीशिवाय क्रॉसाँ लाटणे कठीण, तर वनस्पती तुपाची खारी उकाड्यातही निभावते.