पेशीच प्रोटीन बनवणं थांबवते, मग व्हायरस वाढतो कसा?

प्रश्न
परीक्षेसाठी वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. व्हायरसकडे स्वतःचे रायबोसोम (प्रोटीन बनवणारी यंत्रं) नसतात, आपल्या पेशीचेच वापरतो, इथपर्यंत कळलं. पण इन्फेक्शन झालं की पेशी स्ट्रेसमध्ये जाते आणि प्रोटीन बनवणं जवळपास बंद करते म्हणे, मग व्हायरसचंही काम तिथेच थांबायला हवं ना? माझं कुठे चुकतंय?

उत्तर १
काही चुकत नाहीये, पेशीचा डाव अगदी हाच असतो. व्हायरसचा डबल स्ट्रँडेड (दुपदरी) आरएनए दिसला की पीकेआर नावाचं पेशीचं एन्झाइम जागं होतं आणि ईआयएफ२च्या (प्रोटीन बनवणं सुरू करून देणाऱ्या घटकाच्या) अल्फा भागावर, ५१ नंबरच्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट लावतं. असा ईआयएफ२ मग ईआयएफ२बीला (ईआयएफ२ला पुन्हा कामासाठी तयार करणाऱ्या घटकाला) धरून बसतो आणि ईआयएफ२बी पेशीत मुळात कमीच असतं, त्यामुळे थोड्याशा ईआयएफ२वर फॉस्फेट लागलं तरी सगळं ठप्प. म्हणून व्हायरस आधी इथेच हात घालतात. इन्फ्लुएन्झाचं एनएस१ प्रोटीन पीकेआरला दाबून ठेवतं. हर्पिसचं आयसीपी३४.५ पेशीचंच फॉस्फटेज बोलावून लागलेलं फॉस्फेट काढून टाकतं. मला सगळ्यात आवडतं ते व्हॅक्सिनियाचं के३, ते दिसायला ईआयएफ२ अल्फासारखंच, पीकेआर त्यालाच जाऊन चिकटतं, आणि त्यात फॉस्फेट लावायचं ते सेरीनच नाही!

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण सगळेच व्हायरस पीकेआरला अडवतात असं समजू नकोस. सिंडबिस व्हायरसमध्ये पीकेआर जोरात चालू असतं, ईआयएफ२वर भरपूर फॉस्फेट लागलेलं असतं, आणि तरीही कॅप्सिड (व्हायरसच्या कवचाचं प्रोटीन) बनत राहतं, कारण त्या आरएनएमध्ये एयूजीच्या (प्रोटीन जिथून सुरू होतं त्या खुणेच्या) थोडं पुढे एक हेअरपिन, म्हणजे आरएनएचा दुमडलेला भाग, आहे, रायबोसोम तिथे अडतो आणि बरोबर एयूजीवरच थांबतो. म्हणजे पेशीची स्वतःची प्रोटीन बंद आणि रायबोसोम व्हायरसला मोकळे.

उत्तर ३
स्ट्रेस ग्रॅन्युल, म्हणजे प्रोटीन बनवणं अडलं की पेशीत दिसणारे ठिपके, पण वाच. मी पेशींवर सोडियम आर्सेनाइट (पेशीला स्ट्रेस देणारं रसायन) टाकून बघितलंय, अर्ध्याएक तासात जी३बीपी१, हे ठिपके बनवणारं प्रोटीन, जे आधी सायटोप्लाझममध्ये सगळीकडे पसरलेलं असतं, ते ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतं, अडलेले एमआरएनए त्यातच असतात. पोलिओचं ३सी प्रोटिएज हेच जी३बीपी१ कापतं, त्यामुळे सुरुवातीला तयार झालेले ठिपके नंतर विरतात.

प्रश्नकर्ती
खूप छान समजलं, थँक्यू! म्हणजे जी३बीपी नेहमी व्हायरसच्या विरोधातच काम करतं असं धरू का?

उत्तर ३
नको, तसं लिहिलंस तर चुकेल. चिकुनगुन्याचं एनएसपी३ प्रोटीन जी३बीपीला पकडून स्वतःच्या रेप्लिकेशनच्या जागी नेतं. पेशीतून जी३बीपी१ आणि २ दोन्ही काढून टाकले तर चिकुनगुन्या जवळपास वाढतच नाही. एकच काढलं तर दुसरं त्याची जागा भरून काढतं, म्हणून तो प्रयोग वाचताना दोन्ही काढलेत ना ते आधी बघ.