विषय: होस्टेलच्या शेगडीवर कुकर आणि पोळ्या

नमस्कार मंडळी,

जर्मनीत आखेनच्या होस्टेलमध्ये सामायिक किचन आहे, शेगडी इंडक्शनची. घरून आणलेला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. पोळ्या ४०५ नंबरच्या पिठाच्या करते. गार झाल्या की वातड होतात, कडा तर पापडच. काय चुकतंय?

— पहिलं सेमिस्टर, आखेन

---

उत्तर: होस्टेलच्या शेगडीवर कुकर आणि पोळ्या

फ्रिजवरचं लोहचुंबक कुकरच्या बुडाला लावून बघ. चिकटलं नाही, तर तो इंडक्शनवर चालणार नाही. हार्ड ॲनोडाइज्ड असला तरी आतून ॲल्युमिनियमच. मध्ये ठेवायची लोखंडी चकती मिळते, पण ती आधी स्वतः तापते, वेळ खाते आणि बऱ्याच शेगड्या तिच्यामुळे जास्त तापून बंद पडतात. त्यापेक्षा इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर आणि सोबत एक जादा रबरी रिंग, एक सेफ्टी व्हॉल्व्ह कुणाकडून तरी मागव. आपल्या कुकरचे हे भाग इथल्या साध्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. रिंग सैल पडली की वाफ कडेनं निसटते, शिट्टी होत नाही, आतलं पाणी आटतं आणि मग व्हॉल्व्ह उडतो.

इंडक्शन नसलेली, काचेखाली तार तापणारी शेगडी असलेल्यांसाठी: बटण बंद केलं तरी काचेवरची गोल जागा बराच वेळ गरम राहते, म्हणून शिट्ट्या होतच राहतात आणि भाताचा गाळ होतो. हव्या त्या शिट्टीला कुकर उचलून शेजारच्या गार जागेवर ठेवा. सरकवू नका, काचेवर ओरखडे येतात.

कुकर येईपर्यंत ‘रोटं लिन्झन’ आण. ती मसुराची डाळच, साध्या पातेल्यात पंधरा मिनिटांत शिजते.

— कार्ल्सरूह

---

उत्तर: उत्तर: होस्टेलच्या शेगडीवर कुकर आणि पोळ्या

पोळ्यांचं मी सांगते. तुझ्या तक्रारी दोन आहेत आणि कारणंही दोन. वातडपणा पिठाचा, कडक कडा तव्याच्या.

पाकिटावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते ते. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. ४०५ हा सरळ मैदा. नुसतं ‘फोलकोर्न’ म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ घेशील तर कोंडा जाड, लाटताना पोळी फाटते. दोन भाग १०५० आणि एक भाग बारीक दळलेलं फोलकोर्न चाळून घे. अडीचशे ग्रॅमला दीडशे मिली कोमट पाणी, चिमूट मीठ, एक चमचा तेल. पाणी एकदम ओतू नकोस, शेवटचा घोट हाताशी ठेव. कणीक अर्धा तास झाकून ठेवलीच पाहिजे, कोंडा पाणी हळूहळू पितो. लगेच लाटायला घेतलंस तर ती कोरडी वाटते आणि आपण उगाच पिठी लावत बसतो. ‘डिंकेल’ या नावानं डिंकाचे लाडू आठवतील, पण तो गव्हाचाच एक जुना प्रकार, त्याच्या पिठाला ताण सोसत नाही, पोळीसाठी नको.

तवा लोखंडी घे. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू दे. एकदम बटणाच्या नऊ आकड्यावर टाकलास तर इंडक्शनवर त्याचं बूड वाकतं. पाण्याचा थेंब नाचला की आच सातवर नेऊन पोळी टाक. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. फुलक्याचा नाद सोड, त्याला जाळ लागतो. आपली घडीची पोळी तेल-पिठीच्या पदरांमधल्या वाफेवर तव्यावरच फुगते. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळून डब्यात.

— श्टुटगार्टची काकू

---

उत्तर: उत्तर: उत्तर: होस्टेलच्या शेगडीवर कुकर आणि पोळ्या

काकू, तव्यावर उरलेली पिठी दर दोन पोळ्यांनी पुसायला सांगायचं राहिलं. ती जळते, धूर होतो आणि सामायिक किचनमध्ये अलार्म वाजतो. फोडणीचंही तेच. कोल्डप्रेस रॅप्सचं (मोहरीच्या जातीच्या बियांचं) तेल लवकर धुरावतं, बाटलीवर ‘राफिनिअर्ट’ म्हणजे रिफाइंड लिहिलेलं घ्या. मोहरी तडतडली की आच बंद करून मगच हिंग-हळद. खिडकी उघडी, कॉरिडॉरचं दार मात्र बंद, कारण बहुतेक ठिकाणी डिटेक्टर बाहेर असतो. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

— डार्मश्टाट