गुडघ्याखालची दोरी की गेटर?

ऑस्ट्रेलियातले जुने मजूर पँटीला गुडघ्याखाली दोरी बांधायचे, ती बुशवॉकिंगला (म्हणजे तिथल्या रानात, 'बुश'मध्ये, पायी भटकायला) गेटरऐवजी (बुटावरून नडगीभोवती बांधायचं आवरण) चालेल का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नाही. तिचं काम वेगळं होतं. 'बोयँग' म्हणतात तिला. अंगमेहनत करणारे लोक सुतळी नाहीतर चामड्याचा पट्टा बांधत. वरचं कापड जरा फुगीर राहायचं, त्यामुळे वाकताना-बसताना गुडघ्यावर ताण यायचा नाही, आणि खालची कड चिखलात लोळायची नाही. किडामुंगी वर चढत नाही, हा आणखी एक फायदा.

पण बुशमध्ये मार बसतो तो नडगी-घोट्याला. स्पिनिफेक्स गवताची टोकदार पाती, मोज्यांत घुसणारी कुसळं, नैऋत्य टास्मानियातला चिखल! तिथे जाड कॅनव्हासचे लांब गेटरच हवेत. बुटाखालचा पट्टा झिजतो, म्हणून बदलता येणारा बघून घ्या. (जळवा काय, गेटरवरूनही चढतात.)

सापांचं म्हणाल तर ईस्टर्न ब्राउन या विषारी सापाचे विषदंत जेमतेम ३ मिलिमीटरचे असतात. सैल, जाड पँट आणि वर गेटर असेल तर बराच फरक पडतो. हमी मात्र नाही. चावलाच तर ती दोरी आवळून रक्तप्रवाह अजिबात बंद करू नका. रुंद इलॅस्टिक बँडेज अख्ख्या पायाला घट्ट गुंडाळायचं, पाय हलू द्यायचा नाही आणि मदत बोलवायची.

आणि घरी आल्यावर गेटरची माती घासून काढा. फायटोफ्थोरा हा झाडांची मुळं कुजवणारा रोग तिच्यातून पुढच्या जंगलात पोचतो.