सर्व्हर निवांत असतानाच का रखडतो? बायॉसला हात लावावा का?

रात्रपाळी_महापे: ऑर्डर घेणारी आमची सेवा महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहे. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो तेव्हा एवढ्या गर्दीतही उत्तरं झटपट. दुपारी दोनला शुकशुकाट, आणि नेमकी तेव्हाच एखादी रिक्वेस्ट तीसेक मिलिसेकंद रेंगाळते. माझ्या मते दोष कोडचा नाही, बायॉसमधल्या (सर्व्हर सुरू होताना हार्डवेअर जुळवणारं मूळ सॉफ्टवेअर) वीज वाचवणाऱ्या सेटिंगचा. काम नसलं की प्रोसेसरचा कोअर (त्यातलं एक काम करणारं एकक) सी-६ नावाच्या वीज वाचवणाऱ्या अवस्थेत गाढ झोपतो, क्लॉकही, म्हणजे त्याचा वेग, खाली येतो. सगळीकडे ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’च हवं.

अंधेरीचा_डीबीए: झालं, पुन्हा हार्डवेअरच्या नावाने बोंब! इंटेलच्या स्कायलेक झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरला सी-६ मधून उठायला लिनक्सच्या ड्रायव्हरने १३३ मायक्रोसेकंद धरलेत. मिलिसेकंद नव्हे हो, त्याचा हजारावा भाग. बाकीचा वेळ कुणी खाल्ला? आधी डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळलेल्या क्वेरींची नोंद) उघडा.

रात्रपाळी_महापे: उघडला, स्वच्छ आहे. एका रिक्वेस्टमागे आमच्या सेवांमध्ये दोनशेक छोटे कॉल होतात, एकामागोमाग. २०० गुणिले १३३ करा, साडेसव्वीस मिलिसेकंद. दर वेळी कोअर इतका गाढ झोपत नाही, कबूल. पण काल चालू सर्व्हरवर सी-६ बंद करून पाहिलं, रीबूटही लागला नाही. दुपारचं रेंगाळणं जवळपास गेलं.

अंधेरीचा_डीबीए: एका रिक्वेस्टला दोनशे कॉल! अहो, मग दुखणं तिथेच आहे की. बायॉस म्हणजे वरून लावलेला बाम.

कळवा_स्लो_लोकल: बाम तर बाम, कळ थांबली ना? पण ‘सगळीकडे’ला माझा विरोध. बाकीचे कोअर गाढ झोपलेले असतात तेव्हाच एकट्या कोअरला टर्बोचा (नेहमीच्या वर तात्पुरता वाढवलेला वेग) सर्वात वरचा क्लॉक मिळतो. आमचं रात्रीचं बॅच (एकगठ्ठा चालणारं काम) एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालतं; सगळ्या सी-स्टेट (सी-६ सारख्या झोपेच्या अवस्था) बंद केल्यावर ते उलट लांबलं. वर मे महिन्यात एसीचं बिल.

नवखा_ठाणे: मग हायपर-थ्रेडिंगही (एका कोअरवर एकाच वेळी दोन थ्रेड चालवणं) बंद करायचं का? ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने २०१८ मध्ये केलं होतं म्हणे.

कळवा_स्लो_लोकल: ते सुरक्षेसाठी, वेगासाठी नाही. दोन थ्रेड एकाच कोअरचा एल-१ कॅश (कोअरमधली छोटी, वेगवान मेमरी) वाटून घेतात, त्यातून एकाचा डेटा दुसऱ्याला कळेल ही भीती होती. तुमच्या कामाला फायदा की तोटा, ते चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही पाहूनच कळेल. दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा सर्व्हर असेल तर आधी न्यूमा (कोणती मेमरी कोणत्या सॉकेटजवळ) बघा. दुसऱ्या सॉकेटची मेमरी वापरणं म्हणजे दादरला राहून भाजीला वाशीला जाणं.

रात्रपाळी_महापे: ठीक, ‘सगळीकडे’ मागे घेतो. ऑर्डरच्या चार सर्व्हरवर फक्त सी-६ बंद, बॅचवाल्याला हात नाही. डीबीएसाहेब, दोनशे कॉल कमी करण्याचं तिकीट (कामाची नोंद) तुमच्या नावावर टाकू?

अंधेरीचा_डीबीए: माझ्या नावावर का? कोड तुमचा!