दीर दारू सोडून घरी आलेत, आता घरच्यांनी आणि मित्रांनी नेमकं वागायचं कसं?

घरचीच_एक:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझे दीर व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेऊन नुकतेच घरी आलेत. दारू पूर्ण बंद आहे, दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला जातात, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पण घरात कुणी मोकळं बोलतच नाही. ते बाहेरून आले की सासूबाई काहीतरी द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घेतात, त्यांना कळतंच ना ते. सासरे पैन् पैचा हिशोब मागतात आणि जाऊबाई तर फोन उचलला नाही की लगेच सगळ्यांना फोन लावत सुटतात. आणि त्यांचे जे न पिणारे जुने मित्र आहेत ते बोलवतच नाहीत, म्हणे "उगाच त्याला ऑकवर्ड नको". म्हणजे घरचे अंगावर आणि बाहेरचे लांब. भावजी गप्प असतात, रात्री झोप नाही, बारीकसारीक गोष्टीवरून चिडतात, परवा टीव्हीवर साधी जाहिरात चालू होती, बाप मुलीला सायकल शिकवतोय अशी, तर डोळ्यात पाणी आलं आणि उठून आत गेले. दारू सुटली की सगळं नीट होईल असं आम्ही धरून चाललो होतो. लक्ष ठेवायचं का सोडून द्यायचं? अजून एक, सासूबाईंना कुणीतरी सांगितलंय की एक पावडर मिळते, न सांगता जेवणात टाकली की माणूस परत पीतच नाही. त्यासाठी त्या मागेच लागल्यात.

रात्रपाळी:
ताई बाकी सगळं नंतर, पावडर अजिबात नको. मी व्यसनमुक्ती वॉर्डात काम करते म्हणून सांगते, असल्या पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, अमेरिकेत १९५१ मध्ये मान्यता मिळालेलं, पण पेशंटला सांगूनच द्यायचं. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, हे औषध ते पुढे मोडू देत नाही, मग ते साठतं आणि चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी खाली. क्वचित जिवावरही बेततं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. माहीत असलेला माणूस खोकल्याचं औषध, माउथवॉश सगळं वाचून घेतो, कारण त्यातही अल्कोहोल असू शकतं. माहीत नसलेला कसा जपणार? त्यात त्यांच्या आधीच्या गोळ्या चालू आहेत. आणि जेवणात काहीतरी मिसळलं होतं हे नंतर कळलं की घरात पाणीसुद्धा विश्वासाने पिणार नाहीत.

दुसरं, देव न करो पण परत रोजचं पिणं सुरू झालं तर कोंडून ठेवून एकदम बंद करायला लावू नका. खूप पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर दोन ते चार दिवसांत भास, ताप, भ्रम. तेव्हा सरळ हॉस्पिटल.

फक्त_आज:
मी स्वतः दारुड्या, बरीच वर्षं सोबर. वास घेण्याबद्दल बोलतो. प्यायलेलो नसताना कुणी वास घेतला की डोक्यात पहिला विचार काय येतो माहितीये, "न पिऊनही चोरच ठरणार असू तर पिऊन तरी घेतो". हा विचार चुकीचाच आहे, पण येतो, आणि संध्याकाळी जास्तच जोरात येतो. माझी वाईट वेळ म्हणजे काम सुटल्यापासून जेवणापर्यंतची, कारण वर्षानुवर्षं त्याच वेळेला ग्लास हातात असायचा आणि आता त्या दोन-अडीच तासांचं करायचं काय हेच कळत नाही. मिटिंगमध्ये आम्ही म्हणतो भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांवर नजर ठेव, आणि संध्याकाळी हे चारही एकदम दारात उभे असतात.

म्हणून मित्रांना सांगा, ऑकवर्डचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही या. आठवड्यातला एक-एक वार वाटून घ्या, चालायला जा, कॅरम खेळा, काहीही, आणि दारूवर लेक्चर नको. "कसा आहेस, पीत नाहीस ना" यापेक्षा "चल, खाली येतोस का" खूप बरं वाटतं. एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या आमच्या मिटिंगवाल्या संघटनेची सुरुवातच बघा ना, १९३५ मध्ये बिल नावाचा, नुकताच दारू सोडलेला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात धंद्याच्या कामाने गेलेला, काम फिसकटलं, हॉटेलात बारचा आवाज येत होता आणि पाय तिकडे वळणार इतक्यात त्याने कुणीतरी दुसरा दारुडा भेटतो का म्हणून फोन लावायला घेतले. डॉक्टर बॉब, तोही दारुडाच, भेटायला आला तो १५ मिनिटं बसतो म्हणून, आणि दोघं कितीतरी तास बोलत बसले. यात उपदेश कुणीच कुणाला केला नाही.

सरळसोट:
एवढे लाड कशाला? स्वतः प्यायला, स्वतः भोगावं. घरच्यांनी हिशोब मागितला तर काय चुकलं? इच्छाशक्ती असेल तर सुटतेच, आजार बिजार सगळं निमित्त.

रात्रपाळी:
@सरळसोट, इच्छाशक्ती लागतेच, पण तेवढ्यावर भागत असतं तर आमचे वॉर्ड रिकामे असते. अमेरिकेच्या नायडा या व्यसनांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे की उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक परत घसरतात, आणि बीपी, दमावाल्यांमध्ये उपचार सुटायचं प्रमाण याहून कमी नाही. बीपीवाल्याला आपण नालायक म्हणत नाही, औषध बदलतो. पण तुमचं अर्धं मला पटतं. ऑफिसला खोटी कारणं सांगणं, उधारी परस्पर फेडणं हे बंदच करा. त्यांच्या कर्माचं ओझं तुम्ही उचलू नका, सोबत मात्र द्या.

झोप, चिडचिड, रडू याला कधीकधी महिने लागतात, मेंदू हळूहळू सावरतो. आणि दारूखाली दाबलेलं सगळं आता वर येतं, ती सायकलची जाहिरात त्यातलीच. आत निघून गेले तर लगेच मागे जाऊन चौकशी नको, थोड्या वेळाने नुसतं शेजारी बसा. पण "माझा काय उपयोग", "मी नसतो तर बरं" असं काही बोलले तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी_बाजू:
सगळे भावजींबद्दल बोलताय, जाऊबाईंचं काय? मी त्यांच्या जागेवर आहे म्हणून लिहिते. नवऱ्याने फोन उचलला नाही की पोटात गोळा येतो तो तो प्यायचा थांबला म्हणून थांबत नाही हो, इतक्या रात्री तसंच काढलेलं असतं. त्यांना "आता विश्वास ठेव" म्हणणं म्हणजे परत त्यांच्यावरच भार. आमच्याकडे शेवटी दोघांनी बसून ठरवलं, उशीर होणार असेल तर त्याने एक मेसेज टाकायचा आणि मी बाकी कुणाला फोन करायचा नाही. गोळी तो माझ्यासमोर घेतो, पण ते त्याने स्वतः सुचवलं, मी मागे लागून नाही. पाळत ठेवणं आणि आपसात ठरवणं यात केवढा फरक आहे ते घरात राहणाऱ्यालाच कळतं. आणि जाऊबाईंना अल-अनॉनला पाठवा, १९५१ मध्ये बिलच्या बायकोने, लोइसने, एका मैत्रिणीला घेऊन सुरू केलेलं, खास घरच्यांसाठी. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, आपण कसं जगायचं तेवढंच बोलतात.

घरचीच_एक:
सगळ्यांचे खूप आभार. रात्रपाळी ताईंचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं, पावडरचा विषय बंद. वास घेणं काही लगेच सुटणार नाही असं दिसतंय. मित्रांपैकी दोघांशी बोलले, एक शनिवारी येतो म्हणालाय. जाऊबाई म्हणतात एकटी नाही जाणार त्या मिटिंगला, मी सोबत गेले तर चालतं का? मी बायको नाही, भावजय आहे.

दुसरी_बाजू:
चालतं की! कुणाच्याही पिण्याचा त्रास ज्याला झालाय तो येऊ शकतो. फी नाही, बोललंच पाहिजे असंही नाही. पहिल्या दिवशी मी नुसती मागे बसून ऐकलं होतं.