सल्ला हवा: कळलावी आणि पाकोळी यांची तुलना कशी मांडावी?

बोरिवलीची_आई:
लेक नववीत आहे. प्रकल्पासाठी परिसरातली एक वनस्पती आणि एक पक्षी घेऊन वर्गीकरण व संवर्धनस्थिती यांची तुलना करायची आहे. राष्ट्रीय उद्यानात करवंदाच्या जाळीवर चढलेली कळलावी दिसली आणि आमच्या उड्डाणपुलाखाली पाकोळ्यांची घरटी आहेत, म्हणून हीच दोन घेतली. पण तक्त्यात वरपासून सगळंच वेगळं आणि शेवटी दोघांपुढे 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे जागतिक यादीत 'नामशेष होण्याचा धोका कमी'. पुढे लिहायचं काय? जोडी बदलू का?

रानवाट:
ताई, मुळीच बदलू नका. नुसत्या दिसण्यावरून नातं लावलं की दोन्हीकडे चूक होते, तेच धरून लिहू द्या. कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) पूर्वी लिलीच्या कुळात घालत. आता कुळ कोल्चिकेसी, आणि त्या कुळाची खूण तिच्या विषातच आहे: कोल्चिसिन. पाकोळी (एपस अफिनिस) भिंगरी पक्ष्याची बहीण वाटते, पण कुळ एपोडिडी आणि जवळचं नातं हमिंगबर्डशी! भिंगरी तारेवर बसते, पाकोळीला ते जमत नाही. तिची चारही बोटं पुढे वळतात, त्यामुळे ती उभ्या भिंतीला लटकते. कळलावीच्या पानाचं टोकही असंच, शेजारच्या काटकीला वेटोळं घालून वर चढतं. ही दोन चित्रं तिने स्वतः काढावीत.

निवृत्त_बाई:
'लीस्ट कन्सर्न' हा शेरा साऱ्या जगातल्या संख्येचा आहे, तुमच्या डोंगराचा नव्हे. कळलावी आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आहे, पण औषधासाठी कंद खणून नेले की त्या टेकडीवरून ती जाते. पाकोळीची युरोपातली भावंडंही (एपस एपस) जागतिक यादीत सुरक्षित, तरी ब्रिटनने 2021 मध्ये त्यांना आपल्या लाल यादीत (सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांत) घातलं. घरट्यांच्या फटी बुजणं हे त्यामागचं एक कारण मानतात. तेव्हा लेकीला पुलाखालची घरटी मोजायला सांगा.
आणि हो, कळलावीचा फोटोच काढा. सगळं झाड विषारी, कंद तर सर्वांत जास्त, आणि तो रताळ्यासारखा दिसतो.

बोरिवलीची_आई:
बाई, रानवाट, मनापासून आभार. आज संध्याकाळी मोजून आलो. पिसं आणि गवत लाळेने चिकटवलेली सतरा घरटी. नवा रंग दिलेल्या खांबाजवळ मात्र एकही नाही. तिने तोही खांब वहीत काढलाय.