मदत हवी आहे: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेन्स कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. आई 71 वर्षांची, साताऱ्याला असते. पुढच्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, फेको पद्धतीने (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून बाहेर काढतात). थेंबांची भूल, बारीक छेद, बहुधा टाका नाही, त्याच दिवशी घरी. इथपर्यंत समजलं.

अडलंय डोळ्यात बसवायच्या लेन्सपाशी. मोनोफोकल (एकाच अंतराची) घेतली तर लांबचं स्वच्छ, पण वाचायला चष्मा राहणार. मल्टिफोकलने (जवळ-लांब दोन्हींसाठीची) तो बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. आईचा सगळा जीव जवळच्या कामात. परवा तांदूळ निवडताना ताट खिडकीत नेऊन अगदी नाकाशी धरलं, तरी दोन खडे राहिलेच. (कबूल करत नाही, म्हणे "तांदूळच वाईट आलाय"!) त्यात मधुमेह, डोळ्याचा पडदा तपासून मगच लेन्स ठरवू, असं डॉक्टर म्हणालेत.

घरात मधुमेही माणसाचं ऑपरेशन झालं असेल तर कोणती लेन्स घेतलीत? ऑपरेशननंतर औषधाच्या थेंबांच्या वेळा कशा सांभाळल्यात? डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, हे तिला पटवणंच अवघड. आणि फोडणीपाशी किती दिवसांनी उभं राहू दिलंत?